बोरीच्या काट्यावरची कपाशी

माझी थोरली बहीण गिरजाबाई वारल्याचं मला अमरावतीच्या कापूस बाजारात एका गाडीवानानं बैलांना पाणी पाजता पाजता सांगितलं. "मुकादम, तुमची बाई गेली ना… आठ दिस झाले. तुमाले मालूम नाई?" मला मालूम नव्हतं. हिवरखेडहून अमरावतीला रोज कोणी ना कोणी येत असतं, पण मला निरोप द्यावा असं आठ दिवसांत एकालाही वाटलं नाही. आधी राग आला. मग वाटलं, रागवायला आपल्याला तोंड कुठं आहे? आता सव्वा महिना होऊन गेला. भेटेल तो म्हणतो, "फार मायाळू हो तुमची बाई!" मेलेल्या माणसाविषयी गोड बोलायला कोणाचं काय जातं! मला गोड बोलायचं नाही. जे घडलं ते सांगायचं आहे.

आम्ही हिवरखेडचे रंगारी. आई मी रांगत असतानाच गेली आणि मला बाईनंच वाढवलं. नवरा वारल्यावर ती तान्ह्या लेकीला, सगुणेला, कडेवर घेऊन परत आमच्याच घरी आली आणि वडिलांच्या मागं रंगाची भट्टी तिनं सांभाळली. घरात अक्षर शिकलेला मी एकटा. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडात कपाशीला सोन्याचा भाव आला, तेव्हा अमरावतीच्या एका शेठनं मला गाड्यांवर मुकादम नेमलं. हिवरखेडहून कपाशी भरायची, अकोल्यावरून अमरावतीला पोचवायची. डोक्याला नवं पागोटं बांधलं आणि मी रंगाऱ्याचा पोर आहे हे चारचौघांत सांगणं बंद केलं. शरम वाटायची, दुसरं काय!

बाई माझ्या गाड्यांसोबत पायी यायची. गाडीवानांना रोडगे भाजून द्यायची आणि वाटेनं रान धुंडाळायची. सरळ रस्त्यानं ती कधी चाललीच नाही. लोकांनी आलाची, म्हणजे मुळीतून लाल रंग देणाऱ्या झाडाची, शेतं मोडून कपाशी पेरली होती, तेव्हा बांधावर चुकून राहिलेली आलाची मुळी ती लाल रंगासाठी खणून काढायची. हिरडा दिसला की आधी तोंडात टाकायची, डोळे मिटून चघळायची. मी म्हणायचो, "बाई, काहीही काय खातेस?" तर म्हणायची, "खाऊन नाई राहिली रे, पाहून राहिली. जिभेले जो असा धरून बसते ना, तोच सुताले धरते." बोरं मात्र खाण्यासाठीच. रस्त्याकडेची रानबोरं ओटीत भरायची, वाळलेली पाट्यावर कुटून कणकेत मिसळायची आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे पुरायची. वर काळा, आत तांबूस, आंबटगोड असा तो रोडगा… शेठच्या घरची पंगत मी जेवलो आहे, पण तशी चव पुन्हा मिळाली नाही.

आमच्या घरची एक रीत होती. लेक मांडवात उभी राहते ती घरच्या सुताचं, घरच्या रंगाचं लुगडं नेसून. रंगाऱ्याच्या पोरीनं बाजारचा रंग नेसला तर लोक काय म्हणतील! सगुणेचं लग्न ठरत आलं होतं. रंग रानात होता, चरखा घरात होता, फक्त कपाशी नव्हती. हसू नका. डोळ्यांपुढं मैलोगणती पांढरं रान पसरलेलं आणि या बाईला लुगड्यापुरती कपाशी मिळेना! उभं पीक शेतातच विकलं जायचं. ज्यांच्या सात पिढ्यांची लुगडी आम्ही रंगवली ते शेतकरी म्हणायचे, "बाई, बोंडही आमचं राहिलं नाई." तिनं मला एकदा विचारलं. मी म्हणालो, "माल शेठचा आहे, मी कसा देऊ?"

अकोल्याच्या वाटेवर एका नाल्याआधी रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना बोरीची झुडपं. ठासून भरलेल्या गाड्या तिथून घासत जायच्या आणि काट्यांवर कपाशीचे पुंजके अडकून राहायचे. शेवटची गाडी गेली की बाई मागं थांबायची. एका हातानं बोरं तोडायची, दुसऱ्या हातानं कपाशी. हातभर ओरखडे. घरी जाऊन सरकी काढायची, कातायची, सूत तेलातुरटीत मुरवून आलात उकळायची. असे दोन हिवाळे गेले. दुसऱ्या माघात मला म्हणाली, "नामदेवा, आता पदराचंच सूत बाकी हाये. या खेपेत होते." आरशात बघितल्यासारखी स्वतःशीच हसली होती तेव्हा.

त्याच खेपेला, भर दुपारी, नाल्यावर बैल सोडलेले, निखाऱ्यात रोडगे पुरलेले. इतक्यात शेठचा माणूस घोड्यावरून आला. माल वाटेत गळतो अशी ओरड होती, म्हणून पाहणीला निघालेला. बाईचं गाठोडं त्यानं काठीनं उलगडलं. "कपाशी कोणाची ही?"

"काट्यावरची हाये, मालक," बाई म्हणाली.

त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "मुकादम, ही बाई तुमच्यापैकी आहे का?"

आता खरं सांगतो. माझी बहीण आहे म्हटलं असतं, तर मुकादमच गाड्या मुद्दाम सैल भरतो आणि मागून बहिणीला वेचायला लावतो, असं झालं असतं. मुकादमकी गेली असती. हे सगळं माझ्या डोक्यात एका श्वासात येऊन गेलं. गाडीवान सगळे हिवरखेडचे, सगळ्यांना नातं ठाऊक; सगळे बैलांच्या खुरांकडं बघायला लागले. मी म्हणालो, "नाही. रस्त्यावरची आहे. मागं मागं येते."

त्यानं गाठोडं गाडीत रिकामं करवलं. एवढ्या ढिगात ते पडलेलं दिसलंसुद्धा नाही. तो गेल्यावर बाईनं निखारे सारले, रोडगे काढले, राख झटकली आणि माझ्यापुढं पळसाच्या पानावर एक ठेवला. "खाऊन घे. थंडा झाला का दात लागत नाई." एवढं बोलून ती हिवरखेडच्या वाटेला लागली. आणि मी तो रोडगा खाल्ला हो… सगळा खाल्ला!

सगुणेचं लग्न बाजारच्या लुगड्यात झालं. हळद उतरायच्या आधी त्याचा रंग तिच्या अंगाला लागला, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बाई पुन्हा कधी माझ्या गाड्यांमागं आली नाही. पुढं लढाई थांबली, भाव कोसळला, शेठ बुडाला, कपाशी खळ्यात भिजत पडली. तेव्हा तिनं मागितली असती तर गाडीभर दिली असती! पण तेव्हा कोणासाठी मागायची? आणि मी? मुकादमकी गेली ती गेलीच.

तेरवीला गेलो. सगुणेनं बसायला गोधडी अंथरली. जुनेर पांढरं, पण टाके सगळे लाल, आलाचे, धुऊन धुऊनही तसेच. त्या अपुऱ्या लुगड्याचं सूत बाईनं इतकी वर्षं गोधड्यांत घालवलं होतं. मला त्या टाक्यांवर बसवेना. मी कडेला सरकलो, तशी सगुणा जवळ येऊन म्हणाली, "मामा, नीट बसा ना. लोकायच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. गाडीवान काहीबाही सांगत, पन मायनं मले कवाच सांगतलं होतं. त्या दिशी तुमी पुढच्या गाडीवर निंगून गेले होते, तुमाले काई मालूमच नोतं. मालूम असतं तं मामानं होऊ देलं असतं का, म्हने."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "हो ग. पुढच्या गाडीवर होतो."

बाईला नाकारलं ते एकदा नाही, दोनदा. सगुणे, तुला वाचता येत नाही. तुझ्या सासरी बाळापुरात कोणीतरी हे वाचून दाखवील, म्हणून छापायला दिलं. तुझी माय माझ्यासाठी खोटं बोलली. मी तिथंच होतो, तिच्यापासून दोन हातांवर.