थ्रॅलने उघडलेला बंधारा

एनॉस थ्रॅल स्वतःचा बंधारा वाचवायलाच कनेक्टिकटच्या विधिमंडळात निवडून गेला, असं आमचं गाव छातीठोकपणे सांगायचं. घडलं ते नेमकं उलटं. त्याने पिठाच्या पाणचक्कीसाठी नदीवर बंधारा घातल्यापासून वसंतात समुद्रातून वर येणारे शॅड मासे बंधाऱ्याशीच अडायचे. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या विधवा हुल्डा बिगेलोकडे वर्षभरासाठी खारवून ठेवायला मासळीच उरली नव्हती. तिने त्याला भर चर्चच्या दारात सुनावलं होतं, "एनॉसभाऊ, तुमच्या पिठापायी आमची पिंपं रिकामी पडली!"

सभागृहात त्याने आयुष्यात एकच भाषण केलं. दर वसंतात सहा आठवडे सगळे बंधारे उघडायचे, असा कायदा करून घेतला आणि पहिला आपलाच उघडला. पाण्यावाचून बंद पडलेल्या चक्कीत कोळीकिड्यांनी निवांत जाळी विणली.

मासे आले. हुल्डाची पिंपं काठोकाठ भरली. डोळे पुसत ती टोपलीभर शॅड घेऊन त्याच्या दारी गेली, तर निम्मं गाव आधीच टोपल्या ठेवून गेलेलं. एनॉस जेवायला बसून तोंडातले काटे काढत होता.

"भाऊ, हे उपकार कसे हो फेडू?"

"हुल्डाताई, मला पुन्हा निवडून द्या. या माशांच्या काट्यांविरुद्धही एक कायदा करून घेतो."