चिकटपट्टी लावलेली कॅसेट

दादा ही गोष्ट दर गणपतीत सांगतो आणि दर वेळी म्हणतो, "चुकून झालं." चुकून नव्हे!

तेव्हा मी दादरच्या एका क्लासात बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होते. कॉम्प्युटर दोनच, वाट्याला अर्धा तास. ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर द्यायचे. मशीन एकेक ओळ वाचून तिथल्या तिथे करून दाखवायचं, आणि अडलं की कुठल्या ओळीत चुकलं ते सांगून थांबायचं. डिलाईल रोडवरच्या आमच्या खोलीत माझी चूक इतक्या सरळपणे कुणी सांगत नसे. प्रोग्रॅम ठेवायचा तो गाण्यांच्या साध्या कॅसेटवर. टेपवर लावली तर नुसती किरकिर.

महिनाभर खपून मी पडद्यावर साडीचा काठ काढणारा प्रोग्रॅम लिहिला. आधीचा सगळा सराव त्याच कॅसेटवर होता, शेवटी हा. सर म्हणाले, "सोमवारी चालवून दाखव. चालला तर नवी बॅच तूच शिकव." माझी पहिली नोकरी! वर कुणी काही रेकॉर्ड करू नये म्हणून मी कॅसेटच्या पाठचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडून टाकले.

रविवारी चाळीत बाबांचं भजन होतं. कोरी कॅसेट मिळेना, तर दादाने माझी उचलली. मोडलेल्या कानांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा रेकॉर्ड होतं, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कान कशासाठी मोडतात, तेही. तरी त्याने पट्टी शोधली, कापली, चिकटवली. याला चुकून म्हणतात?

सोमवारी कॅसेटवरून प्रोग्रॅम मशीनवर चढलाच नाही. बॅच दुसऱ्याला मिळाली. घरी येऊन भांडले तर आई म्हणाली, "त्या किरकिरीचा काय लोणचा घालूचा होता?"

आता बाबा नाहीत. त्यांचा आवाज तेवढ्या एका कॅसेटवर उरलाय, म्हणून इतकी वर्षं मी गप्प बसले. यंदा मात्र दादाने कहर केला. आरतीनंतर कॅसेट लावून पाहुण्यांना म्हणाला, "हिने त्याग केला, म्हणून बाबांचा आवाज राहिला." त्याग? मला विचारलं होतं कुणी?

भजन संपलं आणि माझ्या प्रोग्रॅमचा उरलेला तुकडा किरकिरायला लागला. दादाचा हात बटणाकडे गेला.

"हात लावू नकोस," मी म्हणाले. "बाबांचं ऐकलंत ना? आता माझं ऐका."