पहिल्या भावाला नाही

बसवंतराव आडत्यांची एक गोष्ट मानवतच्या धान्याच्या मोंढ्यात अजून सांगतात. त्यांच्या लग्नात स्वामींनी मुहूर्ताची वेळ सांगितली, तर नवरदेव म्हणाले, “बघू.” गोष्ट खरी असेलच असं नाही, पण बसवंतरावांना ओळखणारा एकही माणूस तिच्यावर अविश्वास दाखवत नाही.

पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही, हा त्या लिंगायत घराण्याचा बापजाद्यांपासूनचा शिरस्ता. भाव सांगणारा मनातून घाबरलेला असतो, त्याला जरा ताटकळू द्यावं, मग तो आपसूक वर चढतो. या एका सूत्रावर बसवंतरावांनी तुरी विकल्या, सोयाबीन विकलं, प्लॉट घेतला. भाजीवालीशीही ते असंच वागत, आणि भाजीवाली त्यांना बघून आधीच भाव वाढवून ठेवी, हे फक्त त्यांना माहीत नव्हतं.

त्यांची थोरली अनुपमा लहानपणी आडतीच्या गादीवर बापाच्या मांडीत बसायची. लिलाव उघड बोलीचे झाले होते, पण जुने व्यापारी सवयीनं अजून उपरण्याखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव सांगत. पोरीला त्याचं भारी वेड. “अप्पा, मला बी,” म्हणत ती उपरण्यात हात खुपसायची. मग बापलेकीचा खोटा सौदा चाले. ती दोन बोटं दाबायची, हे मान हलवायचे, आणि शेवटी अख्खा पंजा धरला की सौदा पक्का. तोंड न उघडता बोलता येतं, हे तिला तिथंच कळलं. पुढं शाळेत एक बहिरा मुलगा तिच्या शेजारी बसू लागला, आणि अशा मुलांना बोलतं करायचं शिक्षण घ्यायचं, हे तिनं दहावीतच ठरवून टाकलं.

बारावीनंतर तिच्यापुढं तीन वाटा होत्या. परभणीच्या कृषी विद्यापीठात नंबर लागण्याजोगे गुण होते, आणि परभणी म्हणजे एस.टी.नं तासाभराची. नांदेडचं एक खासगी कॉलेज फीत सूट देतो म्हणून रोज फोन करत होतं. तिसरं कर्नाटकात मंगळूरकडचं एक छोटंसं कॅथलिक विद्यापीठ. ते नन चालवत. तिला हवं ते शिक्षण तिथंच होतं, तिनं फोनवर मुलाखतही दिली होती, आणि तिथल्या सिस्टर लविनांनी शिक्षणाची सगळी फी शिष्यवृत्तीत माफ करतो, असं स्वतः फोन करून कळवलं. अनुपमा घरभर नाचली.

बसवंतराव म्हणाले, “बघू.”

त्या दिवसापासून त्यांचं कशातच लक्ष लागेना. कपाळाला भस्म लावून झाल्यावर पुन्हा लावायला बसायचे. गिऱ्हाईक समोर उभं असताना उठून रस्त्यावर जायचे आणि इथं कशाला आलो, म्हणून स्वतःवरच चिडायचे. मंगळूर नकाशावर कुठं आहे, ते मोबाईलवर बोटांनी आवळून बघायचे. कितीही आवळलं तरी ते मानवतच्या जवळ येत नव्हतं.

मग त्यांनी सिस्टरना फोन लावला. त्यांची हिंदी मोंढ्यातली, निजामाच्या वेळची. आधी विचारलं, पोरीच्या गळ्यात लिंग आहे, ते काढायला लावाल का? सिस्टर हसल्या. म्हणाल्या, “मी माझ्या गळ्यातला क्रूस काढत नाही, मग तिला कसं सांगू?” हे उत्तर त्यांना आवडलं आणि त्याचाच राग आला. म्हणून ते म्हणाले, होस्टेलचंही माफ करा. परभणीवाले तर सगळंच फुकट देतायत. ही शुद्ध थाप होती.

सिस्टर म्हणाल्या, “तिकडं तिचं भलं होत असेल तर आनंद आहे. आमच्याकडे एवढंच आहे. मला दोन दिवसांत सांगा. दुसरी एक मुलगी थांबलीये.”

बसवंतरावांनी फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे! हे वाक्य त्यांनी स्वतः आयुष्यभर लोकांच्या तोंडावर फेकलं होतं आणि दुसरं गिऱ्हाईक एकदाही उभं नव्हतं. बाई मुरलेली आहे, त्यांनी मनाशी मान्य केलं. आता आपण गप्प बसायचं.

“अप्पा, त्या खोटं बोलणाऱ्या न्हाईत,” अनुपमा काकुळतीला आली. “हो म्हणून टाका ना.”

“खोटं कोण म्हणायलंय, लेकरा? भाव चालू हाय. तू मधी बोलू नको.”

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं, मल्लम्मानं, त्यांना जेवायला वाढलं. ती बिदरकडची, बोलायची कमी. भाकरी ताटात ठेवून ती तिथंच बसली.

“कपिला आठवती का तुमाला?”

“कोण कपिला?”

“आपली गाय. दुष्काळात वैरण न्हवती, इकायची ठरली. गिऱ्हाईक आलं की तुमी दुप्पट भाव सांगायचे. लय जणं आले न् गेले. तुमाला ती द्यायचीच न्हवती.” मल्लम्मा उठली. “गोठ्यातच म्हातारी झाली बिचारी.”

बसवंतरावांचा घास हातातच राहिला. पोरगी जाऊ नये म्हणून आपण भाव चढवत होतो, हे त्यांना त्या क्षणी इतकं लख्ख कळलं, की त्यांना स्वतःची लाज वाटली. हात तसाच खरकटा ठेवून त्यांनी डाव्या हातानं फोन लावला.

सिस्टरनी आवाज ओळखला. शिष्यवृत्ती सकाळीच रायचूरच्या मुलीला दिली होती. “तुम्ही काही कळवलं नाही, मला वाटलं परभणीचं ठरलं,” त्या हळहळल्या. “जागा आहे अजून. पण आता पूर्ण फी भरावी लागेल, या आठवड्यातच.”

बसवंतरावांच्या जिभेवर सवयीनं तेच आलं. ते त्यांनी गिळलं.

“आती है,” ते म्हणाले. “बच्ची आती है.”

अनुपमा दारातच उभी होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. थापेचंही सांगितलं. ती आत गेली, आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला. ती रडली असती, भांडली असती तर त्यांना सोसलं असतं.

घरच्या शेतातला कापूस मागच्या खोलीत छतापर्यंत भरलेला होता. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून त्यांनी तो अडवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जिनिंग कारखान्याच्या परमेश्वरला बोलावलं. हा गडी त्या कापसासाठी याआधी येऊन हात हलवत परत गेलेला. यायचं म्हणून आला, आणि आपला नेहमीचा पडेल भाव सांगून चपला घालायला वळला.

“दिला,” बसवंतराव म्हणाले.

परमेश्वर जागीच थबकला. त्यानं बसवंतरावांकडं बघितलं, कापसाकडं बघितलं. मग बाह्या सरसावून ढिगात कोपरापर्यंत हात घातला. तळाचा कापूस काढून नाकाला लावला, दाबून ओल बघितली, दुसऱ्या कोपऱ्यातून आणखी काढला.

“काका, खरं सांगा. मालात काय खोट हाय?”

“मालात न्हाई रे,” बसवंतराव म्हणाले. “खोट माझ्यात हुती.”

अनुपमा आतून हे ऐकत होती. कालपासून ती बापाशी बोलली नव्हती. ती बाहेर आली. बापाच्या खांद्यावरचं उपरणं ओढून तिनं ते त्यांच्या हातावर टाकलं, आपला हात आत घातला, आणि त्यांचा अख्खा पंजा घट्ट धरला.

बसवंतराव परक्या माणसासमोर ढसाढसा रडले.

परमेश्वरला काही कळेना. हातातला कापूस तसाच धरून तो म्हणाला, “मंग काटा लावू का, काका?”