न केलेली प्रार्थना

मी ख्रिश्चन आहे हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावरून मला कुणी फारसं विचारायचं नाही. विचारलं तर दोनच गोष्टी. नाताळला केक मिळणार का, आणि तुम्ही आधी कोण होता. पहिल्या प्रश्नाला मी हो म्हणायचे, दुसऱ्याला हसून विषय बदलायचे. त्यामुळे कॉलेजच्या कँटीनमध्ये माझ्या मैत्रिणीनं तिसरंच काही विचारलं तेव्हा मी जरा गडबडले.

ही मैत्रीण राधानगरीकडच्या गावातनं रोज एसटीनं कोल्हापूरला येते. घरी म्हशी आहेत, थोडा ऊस, थोडं भात. तिच्या आईच्या छातीत गाठ लागली होती. दवाखान्यात सुई घालून तिचा तुकडा तपासायला काढणार होते. हे तिनं इतक्या हळू सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं.

"तुमच्यात प्रार्थना करत्यात नव्हं?" ती म्हणाली. "आईसाठी कर की. आम्ही नरसोबाच्या वाडीला जाऊन आलोय. पर तुझं पण असू दे."

"हो, नक्की करते," मी म्हणाले.

आणि मला बरं वाटलं. तिचा चेहरा उतरलेला होता, समोरचा चहा गार होत होता, आणि मला मात्र आतून बरं वाटत होतं. माझ्या विश्वासाकडे काहीतरी मागायला पहिल्यांदाच कुणी आलं होतं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील फौंड्रीत आहेत, आई एका खानावळीत चपात्या करते. संध्याकाळी जेवायच्या आधी वडील प्रार्थना करतात. ती लहानपणापासून मला पाठ आहे, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. त्या दिवशी जेवताना मी मैत्रिणीच्या आईचं सांगितलं. आई "अगं बाई" म्हणाली आणि तिचा घास हातातच राहिला. मी तेव्हाच डोळे मिटायला हवे होते. पण मला वाटलं, इतकी मोठी गोष्ट भाजीभाकरीच्या मध्ये कशी मागायची? झोपायच्या आधी गुडघे टेकून, शांतपणे, नीट शब्द लावून करू.

झोपायच्या आधी मी अंथरुणावर पडून मोबाईल बघत राहिले. दुसऱ्या दिवशी अकाउंट्सची चाचणी होती. त्यानंतर आणखी काही होतं. मी विसरले असं म्हणता येणार नाही. आठवायचं, आणि आठवलं की वाटायचं, आता नको, आता मन लागत नाही, करायची तर चांगली करू.

तपासणीच्या दिवशी मी चुलत बहिणीबरोबर दुकानात होते. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मला हुपरीचे चांदीचे पैंजण घ्यायचे होते. मोबाईलवर मैत्रिणीचा मेसेज आला. "आत न्यायला लागलेत. कर आता."

मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मग दुकानदाराला म्हणाले, "ह्याच्यात घुंगरू कमी असलेले दाखवा."

एवढंच. त्या जोडलेल्या हातांच्या मागे काहीही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मैत्रीण कॉलेजच्या जिन्यातच ओरडत आली. "साधी हाय! चरबीची गाठ हाय म्हणाले डॉक्टर!" तिनं मला एवढ्या जोरात मिठी मारली की खांद्यावरची पिशवी खाली पडली. "तुझ्यामुळं गं."

"अगं, माझ्यामुळं काय," मी म्हणाले. तिला तो माझा नम्रपणा वाटला. मी तो तसा वाटू दिला.

तेवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित मी पुढे हे मनातून काढूनही टाकलं असतं. पण काकू, म्हणजे मैत्रिणीची आई, स्वतः लेकीला घेऊन आमच्या घरी आल्या. हातात खरवसाचा स्टीलचा डबा. वडिलांनी "या पावणं" म्हणून खुर्ची पुढे केली तर त्या म्हणाल्या, "पावणं म्हणू नका दादा, तुमच्या पोरीनं मला घरातली केलीया." आणि खाली सतरंजीवर माझ्या शेजारी बसल्या.

"टेबलावर पडलते न्हवं," त्यांनी माझा हात हातात घेतला, "हातपाय गार पडलेले. ती नर्सबाई म्हणाली, मावशी, दुसरं कायतरी मनात आणा. मग मी तुलाच मनात आणलं. म्हणलं ती पोरगी तिकडं डोळं मिटून बसलीया, माझंच नाव घेतीया. तसं धरून ठेवलं बघ, पार उठूस्तवर."

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. माझ्या पायात ते नवे पैंजण होते. मी पाय ओढणीखाली घेतले.

आईचे डोळे भरून आले होते. "रविवारी चर्चमध्ये साक्ष दे," ती मला म्हणाली.

"साक्ष? कोर्टात देत्यात तसली?" काकूंनी विचारलं.

"न्हाय वो वैनी. देवानं आपलं काय भलं केलं, ते सगळ्यांफुडं उभं राहून सांगायचं."

"मग मी पण येणार. माझं भलं झालंय, मला ऐकाय नको व्हय?"

त्या गेल्यावर मी मोरीपाशी आईला सगळं सांगितलं. प्रार्थना केलीच नाही, एकदाही नाही. आई भांडी घासायची थांबली नाही.

"मी केलती की," ती म्हणाली. "तू सांगितल्यापास्नं रोज. खानावळीत, चपात्या लाटताना."

"पण त्यांनी मला सांगितलं होतं."

"घरातनं झाली नव्हं? मग झालं. तसंच सांग. एवढ्या लांबनं आली बाई, तिचं मन मोडू नको."

मला आईचा राग आला आणि सुटका झाल्यासारखंही वाटलं. ते दोन्ही एकदम कसं वाटतं, मला सांगता येत नाही. आणखी एक विचार होता, तो मी आईला बोलले नाही. मी मागितलं नाही तरी गाठ साधीच निघाली. मग मागायचं कशाला असतं? आणि आईनं मागितलं म्हणून निघाली असेल, तर आई नसती तर काय? कॉलेजात शिकून मला असे प्रश्न पडतात, पण उत्तरं येत नाहीत.

रविवारी काकू खरंच आल्या. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, चपला बाहेर काढून ठेवलेल्या. मैत्रीण त्यांना म्हणत होती, "आई, हितं घातल्या तरी चालतंय," आणि त्या म्हणत होत्या, "चालत असंल तुमचं. देवाफुडं मला न्हाय जमायचं." उपदेश लांबला तशा त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "तुमच्यात पण कीर्तन लांबतंय की."

मग पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? आईनं माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. मला वाटत होतं, उभं राहिल्यावर खरं आपोआप तोंडातून येईल. पण समोर सगळी माझ्या ओळखीची माणसं होती. लहानपणी मला शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, शिकवणाऱ्या बाई होत्या, वडील इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. मी म्हणाले, "माझ्या मैत्रिणीच्या आईसाठी आमच्या घरी प्रार्थना झाली. देवानं ती ऐकली. त्याचे आभार." आणि खाली बसले. सगळे "आमेन" म्हणाले. काकूही म्हणाल्या, सगळ्यांच्या जरा मागून आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

माझ्या तिन्ही वाक्यांत एक शब्द खोटा नव्हता. तरी बाकावर बसल्यावर मला कळलं की आता हे दुकानातल्यापेक्षा वाईट झालंय. तिथे मी फक्त प्रार्थना केली नव्हती. इथे मी ते न करणं देवाच्या घरात नीट घडी घालून लपवलं होतं.

बाहेर आल्यावर काकूंनी मला गेटपाशी बाजूला घेतलं. मैत्रीण आमच्याबरोबर होती. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, त्यात त्या माझ्या कानाशी येऊन बोलू लागल्या.

"थोरल्या लेकीचं हाय बघ. लग्नाला इतकी वर्सं झाली, अजून पाळणा न्हाय. सासरची बोलत्यात. मी कुणाला सांगत न्हाय, तुला सांगते. तू कर तिच्यासाठी. तुझ्या आईला नगं सांगू, तूच कर. तुझं ऐकतोय त्यो."

आता आईच्या मागे लपायला जागाच उरली नव्हती.

"काकू," मी म्हणाले, "मी तुमच्यासाठी प्रार्थना केली नव्हती."

त्यांना नीट ऐकू आलं नाही. मला ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. "करते म्हणाले होते. पण केली नाही. माझ्या आईनं केली. मी त्या दिवशी दुकानात होते."

मैत्रीण पटकन म्हणाली, "मग हात कशाला जोडून पाठवलेस?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या, आमच्याकडच्या बायका चिडल्यावर बोलतात तसं चार शब्द बोलल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

"मग मी तिथं कुणाला धरून पडलते गं?" त्या म्हणाल्या.

याला एक उत्तर आहे. लहानपणापासून मी ते ऐकत आलेय. देव होता तिथे, असं म्हणायचं असतं. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघण्यासारखं नव्हतं. निदान त्या दिवशी माझ्या तोंडून नाही.

"चल आई, गाडी चुकंल," मैत्रीण म्हणाली. काकू गेल्या, मागे वळून बघितलं नाही.

कॉलेजात मैत्रीण माझ्या शेजारीच बसत होती, पण नुसती बसत होती. तास कुठल्या वर्गात आहे, सरांनी काय सांगितलं, एवढंच बोलणं. तिनं डबा माझ्यापुढे सरकवणं बंद केलं. मी रोज सकाळी तिच्या बहिणीसाठी प्रार्थना करू लागले. उठल्या उठल्या, केस न विंचरता, जशी जमेल तशी. ती मी त्या बहिणीसाठी करत होते की काकूंकडे पुन्हा मान वर करून बघता यावं म्हणून, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं त्यांच्या गावी गेले. कळवलं नव्हतं. कळवलं असतं आणि नको म्हणाल्या असत्या तर, ही भीती होती. काकू गोठ्यात धार काढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "एकटीच आलीस?" आणि पुन्हा चरवीकडे वळल्या. मी उभीच राहिले. मैत्रीण दारात आली, मला बघितलं आणि चहा टाकायला आत गेली.

"तुमच्या थोरल्या लेकीसाठी रोज करते," मी म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात तर बंद करते."

"रोज?"

"रोज. मध्येच मन दुसरीकडे जातं. पण करते."

त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला जरा सरकवलं. "नाव काय घेतीस तिचं?"

मला नाव माहीत नव्हतं. इतके दिवस मी 'मैत्रिणीची बहीण' म्हणत होते.

"वा गं वा," काकू म्हणाल्या. "नाव ठावं न्हाय आन् निघालीस मागाय."

मग त्यांनी मला नाव सांगितलं. "आन् नवऱ्याचं पण घे," म्हणाल्या, "समदं पोरीच्याच अंगावर कशाला?" त्यांनी जावयाचंही नाव सांगितलं. मी दोन्ही नावं त्यांच्यासमोर म्हणून दाखवली. जावयाचं चुकलं, ते त्यांनी दुरुस्त करून दिलं. मी पुन्हा म्हणाले.

"बघू," असं म्हणून त्या पुन्हा धार काढू लागल्या. मी तिथेच उभी होते. चहा झालाय म्हणून मैत्रिणीनं आतून हाक मारली. ती हाक काकूंना होती की मला, ते मला कळलं नाही. काकू मान न वळवता म्हणाल्या, "जा, घे जा."