शेवटच्या झोपडीचा फॉर्म

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं सांगू? विद्यार्थ्यांवरही नाही. पनवेलजवळच्या एका मेडिकल कॉलेजात मी कम्युनिटी मेडिसिन शिकवते. आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला पाच कुटुंबं 'दत्तक' देतात — घरी जायचं, तपासायचं, फॉर्म भरायचा. सगळ्या घराचं बीपी १२०/८० दिसलं, की समजायचं... फॉर्म कॅन्टीनमध्ये भरलाय.

यंदा मार्चमध्ये कर्नाळ्याच्या पायथ्याशी कातकरी वाडीवर गेलो होतो. रुमाना नावाची विद्यार्थिनी धापा टाकत आली. तिच्या पाचव्या फॉर्मवर होतं — शेवटची झोपडी, जनी, सातवा महिना, पायांना सूज, बीपी १६८/११२. खाली अंगठा.

"मॅडम, त्यांना आत्ताच न्यायला हवं."

मी आशा वर्कर मंदाताईंना घेऊन तशीच गेले. झोपडीचं दार तारेने बांधलेलं, उंबऱ्यात वाळका पाला साचलेला.

"ती सगली वीटभट्टीवर हायेत, मॅडम," मंदाताई म्हणाल्या. "दिवालीपासून हितं कोनी नाय."

"मी स्वतः बीपीचा कफ बांधला," रुमाना रडवेली झाली. "अल्लाची शपथ, मॅडम. त्यांचा हात गार होता."

"नाव शेजाऱ्यांकडून काढलंस, आकडे मनाने टाकलेस," मी सगळ्यांसमोर म्हणाले. चोर सापडल्याचा आनंदच झाला होता मला. शून्य दिलं.

मेअखेरीस लसीकरणासाठी पुन्हा वाडीवर गेले. भट्ट्या बंद होऊन माणसं परतली होती. एक गरोदर बाई हंडा घेऊन निघाली होती, तिला मंदाताईंनी हटकलं. "जने, नाव तरी लिव्हून जा."

नाव ऐकलं आणि मी तिचा हातच धरला.

"मला काय नाय झालं, बाय. कामं पडलीत," ती म्हणत होती. मी बळेच बसवलं. सातवा महिना. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला. मशीनवर १६८/११२.

म्हणजे मार्चमध्ये तिला पाचवा होता. भट्टी कर्जतच्या पलीकडे. ती मधे एकदाही आली नव्हती. भट्टीच्या मुकादमाला मी दोनदा खोदून विचारलं, स्वभावच तसा.

हॉस्पिटलात जनी वाचली, बाळही वाचलं. मी वर्गासमोर रुमानाची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, निदान भट्टीवर तरी निरोप पाठवायचा होता." मला खूप लाज वाटली.

तो फॉर्म माझ्या कपाटात आहे. हॉस्पिटलच्या संमतीपत्रावर जनीने अंगठा दिला, त्याची झेरॉक्सही आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघायला पाच मिनिटं लागतील. जन्मभर प्रत्येकाचे कागद ताडून बघणारी मी... हे दोन अजून ताडलेले नाहीत.