अश्विनीचा चौथा अर्ज

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. तुळजापूर आमच्या धाराशिवहून जवळ, नवरात्रात दरवर्षी जाते, ओटी भरते आणि तोंड मिटून परत येते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगते. तेवढंच कारण. त्यापेक्षा मोठं काही नाही.

मी व्यवहारी बाई आहे. घरात कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा दाखला अडला, की फोन मला येतो. मी रडत बसत नाही, कामाला लागते. हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच कुणाला कधी शंका आली नाही — व्यवहारी माणसावर कोण शंका घेतं?

त्या वर्षी घरात आम्ही तिघी. मी, सासूबाई — त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो — आणि अश्विनी, माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. नवरा मुरुमला शाळेवर, शनिवारी यायचा. दीर तामलवाडीकडं मेंढरं राखतात. अश्विनी बीएस्सीसाठी माझ्याकडं राहायला आली, आणि ती शेवटच्या वर्षाला असताना आत्याबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र शाबूत आहे, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं. मी ते विसरले — की सोयीनं विसरले?

मी पावणेदहाला ऑफिसला निघायची ती संध्याकाळी सहाला घरात. मधलं सगळं अश्विनी बघायची. अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं. आजीला हसवत भरवायची. "आज्जे, तोंड उघड, न्हायतर मी खाऊन टाकीन बघ." आणि आत्याबाई अर्ध्या तोंडानं हसायच्या. बाहेरची बाई ठेवता आली असती. पण घरची पोर असताना बाई कशाला, असं मी म्हणायची.

अश्विनीला पुढं शिकायचं होतं. मायक्रोबायोलॉजी. लहानपणी एकदा मेंढरं पटापट मेली, जनावरांच्या डॉक्टरनं रक्त बाटलीत भरून कुठंतरी पाठवलं. ते तिकडं बसून कोण तपासतं, हे तिनं तेव्हा विचारलं होतं, आणि तिथंच ती अडकली होती. विद्यापीठ एकच, पण त्याचं मुख्य आवार इथून बसनं सहा-सात तास. तिथल्या तीन कोर्सेसना तिनं अर्ज करायचे ठरवले. सगळे मीच भरले, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, जेवणाच्या सुट्टीत. तिच्या फोनचा रिचार्ज सारखा संपायचा म्हणून नंबर माझा टाकला. आणि तीन भरून झाल्यावर मी चौथा भरला. शिक्षणशास्त्राचा. तो कोर्स त्याच विद्यापीठाचा, पण इथल्या उपकेंद्रात होता, घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर.

"हा कशाला, काकू?" तिनं विचारलं.

"असू दे. हाताशी एक असलेला बरा."

तिला वाटलं, काकू किती पुढचं बघते. चौथा अर्ज भरताना माझ्या मनात काय होतं? मला पक्कं ठाऊक होतं. तुम्हालाही कळलं असेल.

उपकेंद्राच्या यादीत तिचं नाव आलं. मुख्य आवाराच्या यादीची ती वाट बघत होती. एका मंगळवारी मी रजेवर होते. अश्विनी औषधं आणायला गेली होती, मी आत्याबाईंची चादर बदलत होते. फोन आला. मायक्रोबायोलॉजी विभागातून कुणी क्लार्क बोलत होता. पहिल्या यादीत नाव आहे, येणार का? शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर पुढच्या मुलाला जागा जाईल.

मी म्हणाले, नाही येणार. तिनं इथंच दुसऱ्या कोर्सला प्रवेश घेतलाय.

"तुम्ही आई का?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. कपाटापुढं बोलावं तसं मी त्यांच्यापुढं बोलले होते. त्यांचा डावा हात चादरीवर वळवळत होता. मी म्हणाले, "असं काय बघताय? तुमचंच तर बघतेय मी."

संध्याकाळी अश्विनीला सांगितलं, तिकडच्या यादीत नाव नाही. ती म्हणाली, "वेटिंगला तरी?" मी म्हणाले, मी सगळं बघितलंय. तिनं परत विचारलं नाही. माझा शब्द तिनं कधी तपासून बघितला नव्हता.

बुधवारी, गुरुवारी आत्याबाई अश्विनीचं मनगट धरून माझ्या फोनकडं बोट करायच्या. घशातून आवाज काढायच्या. अश्विनीला वाटलं, आजीला लेकाची आठवण येतेय. तिनं फोन लावून कानाशी धरला. पलीकडून दीर ओरडत होते, "आये, बरी हाईस न्हवं? लई लांब आलोय गं मेंढरं घिऊन. येतो पुढल्या आठवड्यात." आत्याबाईंनी डोळे मिटले. मी भाजी चिरत होते. शुक्रवार अजून उजाडायचा होता. एक फोन केला असता तर झालं असतं. मी भाजी चिरून संपवली.

शुक्रवार गेला.

पुढच्या आठवड्यात आत्याबाईंनी अश्विनीच्या हातचं खाणं बंद केलं. चमचा आला की ओठ घट्ट मिटायच्या. पेज गळ्यावरून ओघळायची. संध्याकाळी मी भरवलं की खायच्या — माझ्याकडं एकटक बघत, शेवटच्या चमच्यापर्यंत. पहिल्याच दिवशी मला अर्थ कळला. ह्या पोरीची मला गरज नाही, तू भरव, तिला जाऊ दे, एवढं त्या म्हणत होत्या. वाचा नसलेल्या माणसानं याहून स्पष्ट कसं बोलायचं? जागा कधीच गेली होती, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

रजा शिल्लक होती. बाई मिळत होती. निदान त्यांच्या कानाशी वाकून सांगता आलं असतं, की आता उपयोग नाही, खा. मी ते केलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला निघत राहिले आणि दुपारी उपकेंद्रातून भरवायला घरी येणाऱ्या अश्विनीला म्हणाले, "तू घाई करतेस. तुझ्या हाताला धीर नाही. म्हणून तोंड उघडत नाहीत त्या."

हे मी एकदा नाही म्हणाले. शेजारणींसमोर म्हणाले. दीर आले तेव्हा त्यांच्यासमोर म्हणाले. अश्विनी पेज आणखी पातळ करून बघायची, गूळ घालून बघायची, आजीच्या हनुवटीला धरून विनवायची. माझ्या एका जेवणावर ते शरीर किती तगणार? दिवाळीच्या आत आत्याबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं.

अश्विनीनं पहिल्या वर्षानंतर शिक्षणशास्त्र सोडलं. लग्न होऊन जळकोटला गेली. परवा तिच्या मुलाचं उष्टावण होतं. मामानं खीर चाटवली, फोटो झाले, पुरुष माणसं जेवायला बसली. मग ती पोराला काखेत घेऊन माझ्याशेजारी येऊन टेकली आणि वाटी माझ्या हातात दिली.

"तुमीच भरवा, काकू. घरी औषधाचा थेंब बी सासूबाईच पाजतात त्याला. माझ्या हाताला धीर न्हाय. आज्जीलासुद्धा चालला न्हाय माझा हात."

हे ती हसत म्हणाली. बायकाही हसल्या. "असं कुठं असतंय व्हय गं?" एकजण म्हणाली, आणि माझ्याकडं बघायला लागली, कारण अशा वेळी बोलायचं ते मीच बोलते.

मी वाटी घेतली. पोरानं तोंड उघडलं. मी भरवलं.