चवथीपुरती कोरडी

चवथ जवळ आली की आमच्या पेडण्याच्या घरात गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला टांगायची रानफळं गोळा होत, नेवऱ्या तळल्या जात आणि त्या वर्षी माझ्या भाचीलाही सुकवलं गेलं. सुकवणं हा माझा शब्द. थोरली काकी त्याला पथ्य म्हणायची.

भाची म्हणजे माझ्या भावाची एकुलती एक मुलगी. तेव्हा अकरा वर्षांची होती, पण समज लहान पोरीची. मोजके शब्द बोलायची. त्यातला तिचा लाडका शब्द म्हणजे ‘आरती’. आरतीला मडक्याचं घुमट वाजायला लागलं की हिचं अख्खं अंग हसायचं. मी लग्न केलं नाही, भावाकडेच राहते आणि डिचोलीला नोकरीला जाऊन येऊन करते. त्यामुळे जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

तिची चड्डी सदा डागाळलेली असायची. थोडं थोडं पातळ दिवसभर होत राहायचं, लघवीही बसल्या जागी. वहिनी बिचारी बाल्दी आणि फडकं घेऊन मागे. एका डॉक्टरला दाखवलं, तर त्याने पोटाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, “अशी मुलं म्हटल्यावर हे चालायचंच.” अशी मुलं! तुझ्या पोराचं असं झालं तर हेच म्हणशील का रे? मी तोंडावर विचारणार होते, पण वहिनीने माझा हात दाबला.

चवथीला सगळं कुटुंब आमच्याकडे जमतं. काकीचं सोवळं कडक. पोर माटोळीखाली बसली आणि काही झालं तर देव बाटतो. देव बाटतो म्हणे! देव काय इतका लेचापेचा असतो? पण सांगे कोण आणि ऐके कोण. आदल्या वर्षी काकीने तिला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. आरती सुरू झाली आणि आतून दारावर डोकं आपटायला लागलं. कुणीतरी घुमट जोरात वाजवायला सांगितलं. वहिनी टाळ्या वाजवत होती आणि तिचे गाल ओले होते.

पुढच्या वर्षी वहिनीने ठरवलं, काही झालं तरी माझी पोर पुढे बसणार. काकीने अट घातली, “कोरडी रवली तर बसांदे.”

झालं! कच्च्या केळ्याची भाजी, उगाळलेलं जायफळ, डाळिंबाची साल, कोरडा पाव. पेज बंद, दुपारनंतर पाणी बंद. पोर आपला कोप, म्हणजे पेला, घेऊन पाण्याच्या कळशीकडे जायची. वहिनी तो तिच्या हातून घ्यायची, जमिनीवर पालथा घालायची आणि म्हणायची, “पाणी नाय गो बाय. पाणी नाय, मग आरती!” रोज तेच. मी एकदा म्हटलं, “अगो, तहानेने मरेल ती.”

“वन्सं, तुमका काय? दाराआड डोक्या आपटता ती माझी पोर.”

मी पिशवी उचलली आणि डिचोलीच्या बसला गेले.

चवथीला ती खरंच कोरडी राहिली. हिरवा परकर नेसून सगळ्यांच्या पुढे बसली, आरतीभर हसली. वहिनीला इतकं सुखात मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

विसर्जनाआधीच पोरीला उलट्या सुरू झाल्या. अंगात ताप, पोट घुमटाच्या चामड्यासारखं ताठ. काकीने दृष्ट काढली. मी गाडी बोलावली आणि वहिनीला नि पोरीला घेऊन म्हापशाचं इस्पितळ गाठलं.

तिथल्या डॉक्टरणीने पहिल्यांदा त्या पोटावर हात ठेवला. दाबून पाहिलं. म्हणाली, “हिला जुलाब कधी नव्हतेच. हिला शौचाला साफ होत नाही. आत मळ साठून दगड झालाय, त्याच्या कडेने पातळ झिरपतं. त्या दगडाने लघवीची पिशवी दाबलीय, ती कधी पुरती रिकामी होत नाही. आता जंतू किडन्यांपर्यंत चढलेत.” मग तिने विचारलं, “पाणी किती पिते?”



रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हे. जे तुंबलं होतं त्यालाच आम्ही आणखी बांध घातला.

एनिमा झाले, सुया झाल्या, पोट मऊ पडलं. पण एक किडनी गेली ती गेलीच, दुसरीही अर्धीच चालते. जी उरलीय ती टिकवायची तर पोरीने दिवसभर भरपूर पाणी प्यायला हवं, डॉक्टरणीने बजावून सांगितलं. इतकं साधं औषध.

हिला काही शिकवून येत नाही, असं सगळे म्हणायचे. बटण लावणं नाही आलं, चप्पल घालणं नाही आलं. एक गोष्ट मात्र पक्की आली. कोप पुढे केला की ती दात आवळते. चमच्याने भरवलं तर थुंकते. वहिनी समजावते, ओरडते, एखादी चापट मारते आणि मग स्वतःच रडत बसते. डॉक्टरीण आता डायलिसिसचं बोलायला लागलीय.

आता काकीही काही म्हणत नाही. पोरीने खुशाल पुढे बसावं. यंदा चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधून झाली आणि वहिनी तिच्यापुढे भरलेला कोप घेऊन बसली. “पी गो बाय. एक घोट. आवयक हात जोडूक लावतंस?”

पोरीने तिच्या हातातून कोप घेतला. पाणी जमिनीवर ओतलं, कोप नीट पालथा घातला आणि आईकडे बघून हसली.

“आरती,” म्हणाली.